मालक तपासणीला निघाले

“गाडीत बसा, खोत. आणि कुणाला आधी फोन करून कळवायचं न्हाय.”

मी बसलो. स्टिअरिंगवर खुद्द तात्या होते. ड्रायव्हरला त्यांनी मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण ड्रायव्हर बातमी फोडतो असा त्यांचा संशय होता.

तात्या म्हणजे आमचे मालक. लोखंड वितळवून त्याचे सुटे भाग ओतायची त्यांची फौंड्री आहे आणि मी तिथल्या डिझाइन सेक्शनचा हेड. आमचं काम मेथडिंगचं. साध्या भाषेत सांगायचं तर वितळलेलं लोखंड साच्यात कुठून सोडायचं आणि ते कुठे सगळ्यात शेवटी थंड होईल, हे आम्ही आधी ठरवतो. लोखंड थंड होताना आकसतं आणि आत पोकळी राहते. ती भरून निघावी म्हणून साच्याला लागून जादा लोखंडाचा एक साठा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. रायझर किती मोठा आणि कुठे, यावर आमची भाकरी चालते. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर आधी ओतून बघता येतं. त्यामुळे लॉकडाऊनमध्ये आम्ही जे घरी गेलो ते घरीच राहिलो.

मी कोल्हापुरात कळंब्याला राहतो. माझ्या खिडकीतून तलाव दिसतो. घरून काम या विषयावर माझं मत काय असेल ते सांगायला नको.

तात्यांचं मत वेगळं होतं. त्यांना माणूस डोळ्यासमोर लागतो. एकदा त्यांनी आमच्या सेक्शनमधल्या रणजितला फोन केला तेव्हा मागून गोल झाल्याचा आरडाओरडा ऐकू आला. तेव्हापासून ते धुमसत होते आणि शेवटी हुकूम निघाला, सोमवारपासून सगळे ऑफिसात.

मी केबिनमध्ये जाऊन बरंच बोललो. प्रॉडक्टिव्हिटी, पेट्रोल, जगात काय चाललंय वगैरे. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग बघूनच येऊ की. कोण घरात काय करतंय ते.”

माझं भाषण खरं तर एकाच माणसासाठी होतं. प्रज्ञा कांबळे. सेक्शनमधली सगळ्यात भरवशाची इंजिनिअर. ती गगनबावड्याजवळच्या गावात आई-वडिलांपाशी राहते. वडील एसटीत ड्रायव्हर होते, दोन वर्षांमागे अर्धं अंग गेलं. हुकूम निघाला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. “सर, सोमवारी यायचंच असेल तर मी राजीनामा देते. रागानं नाही. बाबांना सोडून मला शहरात राहता येणार नाही आणि घर तर माझ्याच पगारावर आहे. इथंच काहीतरी बघते.” तिथे काय मिळणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मला रात्री जेवण गेलं नाही.

तर अशा परिस्थितीत आमची गाडी आधी शिवाजी पेठेत शिरली.

रणजितच्या बोळात गाडी जात नाही. ती तालमीजवळ लावून आम्ही चालत पोहोचेपर्यंत मालक आल्याची बातमी आमच्या पुढे पोहोचली होती. रणजित दारातच उभा होता, शर्टाची बटणं लावत. आत टेबलावर लॅपटॉप सुरू होता आणि त्याच्या स्क्रीनवर ओतायचा कुठलाही भाग नव्हता. फुटबॉल क्लबचा वाढदिवसाचा फलक होता, मधोमध गॉगल घातलेले कुणीतरी दादा.

“ह्यो कुठला पार्ट म्हणायचा?” तात्यांनी विचारलं.

रणजित काही बोलायच्या आत पोहे आले. मग चहा आला. मग शेजारच्या घरातून चहा आला, कारण मालक पेठेत येऊन आपल्या घरचा चहा न घेता गेले तर शेजाऱ्यांना वर्षभर वाईट वाटलं असतं. रणजितचे काका तात्यांच्या शेजारी ऐसपैस बसले.

“पोरगा काम करतोय न्हवं?” तात्यांनी काकांना विचारलं.

“करतोय म्हंजे? सगळी कामं त्योच करतोय की. गॅस त्योच आणतोय, दळण त्योच, आजीला दवाखान्यात त्योच. दिवसभर घरातच असतोय न्हवं.”

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यातले शेंगदाणे मोजायला लागलो.

आम्ही निघालो तेव्हा रणजित गाडीपर्यंत आला. तात्या पलीकडून गाडीत बसत होते तेवढ्यात त्याने माझा हात धरला. “सर, मला ऑफिसात घ्या.”

“अरे, ग्रुपवर तूच लिहिलंस ना, घरूनच काम पाहिजे म्हणून?”

“ते लिहायला बरं वाटतंय, सर. हितं मी कामावर हाय असं कुणाला वाटतच न्हाय. सगळे झोपले की मग लॅपटॉप उघडतोय. लई दमलोय.”

हा मुलगा माझ्या बाजूचा खंदा कार्यकर्ता, असं मी धरून चाललो होतो. आता परत फिरू या असं मी तात्यांना सुचवून पाहिलं. पण पहिला सामना जिंकलेला माणूस मैदान सोडतो होय?

गगनबावड्याच्या रस्त्याला पाऊस लागला. वरती गेलो तर धुकं. विचारत विचारत प्रज्ञाचं घर सापडलं. दारात तिची आई तांदूळ निवडत बसली होती.

“प्रज्ञाकडं आलोय,” तात्या म्हणाले.

“ती कामावर हाय.”

तात्यांचा चेहरा खुलला. “कुठं? दुसरीकडं जाती व्हय कामाला?”

“न्हाय ओ. आत हाय.” आईने मागच्या खोलीच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “जेवणाच्या सुट्टीत भेटंल. तवर बसा, पावणं.”

“जरा हाक मारा की.”

“कामावर असल्यावर हाक मारत न्हाय,” आई म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

तात्या कुणासाठी थांबलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. बँकवाले त्यांच्यासाठी थांबतात. पण मालक आहे म्हणून सांगितलं असतं तर तपासणीची मजा गेली असती, म्हणून ते भिंतीशी खुर्चीवर बसले. समोर कॉटवर प्रज्ञाचे वडील पडून होते. डोक्याशी बुद्धाची तसबीर.

पडद्याआडून आवाज येत होता. “नाही, तो रायझर तिथं ठेवलात तर आत पोकळी राहणार. मी नवीन ड्रॉइंग पाठवते, तोवर साचा भरू नका.” पलीकडून स्पीकरवर आमचा फोरमन म्हणाला, “बरं, मॅडम.” हा फोरमन मला कधी बरं म्हणालेला नाही. तात्यांनाही नसावा, कारण ते जरा पुढे सरकून ऐकायला लागले.

वडिलांना बोलायला माणूस हवाच होता. शब्द जड येत होते, पण डोकं लखलखीत. “कुठनं आलासा?”

“कोल्हापुरास्नं. हिच्याच कारखान्यात असतो आमी.”

“मग आज सुट्टी काय?”

“न्हाय,” तात्या म्हणाले.

“आणि मालकानं फिराय सोडलं? ऐन कामाच्या वक्ताला?”

मी खिडकीबाहेर धुकं बघायला लागलो. तात्या म्हणाले, “मालक जरा ढिला हाय आमचा.”

“सांभाळून ऱ्हावा. नोकरी काय सारखी मिळती व्हय?” मग पडद्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “आमची पोरगी सोडायची म्हणती. सोमवारपास्नं शहरात बोलवलंय. मी म्हणलो, जा. पण मला उठवून बसवायचं म्हणजे दोघं लागत्यात. तिच्या आईच्या एकटीच्यानं होत न्हाय.”

पुढे सरकलेले तात्या पुन्हा खुर्चीत मागे टेकले.

दीड वाजता पडदा सरकला. प्रज्ञा बाहेर आली ती इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, केस नीट बांधलेले. आम्हाला पाहून ती जागच्या जागी थबकली. तात्यांनी वडिलांच्या नकळत ओठांवर बोट ठेवलं. ती समजली. “एक मिनिट हं,” म्हणाली आणि आधी कॉटकडे गेली.

एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने आई. दोघींनी वडिलांना उचलून बसवलं, पाठीला उशी लावली, गेलेला हात मांडीवर नीट ठेवला. एक शब्द न बोलता. तात्या आपसूक उभे राहिले होते आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. ऑफिस की घर, यावर मी केबिनमध्ये ठोकलेल्या भाषणात हे कुठेच नव्हतं, याची मला लाज वाटली.

मग नाचणीची भाकरी आणि उसळ झाली. तात्यांनी मागून घेतली. जेवताना प्रज्ञा जेमतेम बोलली. ताट धुऊन तिने घड्याळ पाहिलं आणि उठली. “सर, सुट्टी संपली. तुम्ही सावकाश जेवा.” आणि पडद्याआड गेली. मालक भाकरीचा घास हातात धरून बसलेला असताना.

मी घाईघाईने पुढचा घास मोडला. तात्या मात्र घास संपवून वडिलांना म्हणाले, “पोरगी सोडत न्हाय नोकरी. मी बोलतो मालकाशी.”

“तुमचं ऐकंल व्हय त्यो?”

“बघतो की,” तात्या म्हणाले.

आम्ही परत निघालो. उतार संपून सपाटीला लागल्यावर तात्या म्हणाले, “तिला तिथंच राहू दे. पेठेतल्याला उद्याच ऑफिसात घ्या, पोरगं मरंल तिथं.” म्हणजे रणजितचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

मी खूश झालो. माझ्या मते माझा विजय झाला होता. तेवढ्यात तात्या म्हणाले, “आणि तुमी पण या सोमवारपास्नं.”

“मी कशाला, तात्या?”

“सकाळधरनं माझ्यासंगं फिरताय. हेड तुमी. एकाचाबी फोन आला न्हाय तुमाला.”

मी खिशातून मोबाइल काढून बघितला, खरंच एकही मिस्ड कॉल नव्हता.

प्रज्ञाचा फोन आठवड्याने आला, कामाचा. शेवटी हसत म्हणाली, “बाबा विचारतायत, त्या पाहुण्यांना मालक काही बोलला तर नाही ना?” मी निरोप तात्यांना पोहोचवला. तात्या म्हणाले, “सांगा, समज देऊन सोडलंय.”

घरी बसून काम होतं की नाही, यावर मी आता भाषणं देत नाही. मालकाला पटवणं त्यात तुलनेने सोपं. तुम्ही कामावर आहात हे आधी घरच्यांना पटावं लागतं. प्रज्ञाच्या घरी ते पटलेलं होतं, रणजितच्या घरी नव्हतं. माझ्या घरी काय होतं, ते सोमवारी सकाळी कळलं. मी अंघोळ करून बाहेर आलो तर बायकोने डबा भरून, बांधून, थेट दाराशी नेऊन ठेवला होता आणि दारही आधीच उघडून ठेवलं होतं.