स्टुलावरच्या माणसाचं फळ

दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की केदूअण्णा आधी खाटेकडे बघत नसत. खाटेशेजारच्या स्टुलाकडे बघत. त्यावर बसलेल्याला विचारत, "जेवले का?" उत्तर बहुधा "हो हो" असं यायचं. अण्णांचा त्यावर विश्वास नसे. ते पिशवीतून केळं काढून त्या माणसाच्या हातात देत आणि ते संपेपर्यंत आजाऱ्याकडे वळत नसत.

आमच्या नाशिकच्या कचेरीत अण्णा वरिष्ठ लिपिक होते. मूळचे सिन्नरकडचे. कुणी आजारी पडलं की कचेरीतर्फे फळं न्यायची आमच्याकडे पद्धत होती आणि रविवार कारंजाच्या बाजारातून ती आणायचं काम अण्णांकडे. कचेरीचं मत सफरचंदाच्या बाजूचं: टोपली, वर चकचकीत कागद, रिबीन. अण्णा ती आणत, आणि कुणाला न विचारता केळीही घेत.

"सफरचंद वाईट नाय," ते म्हणत. "आठ दिवस टिकतं, फोटोत बरं दिसतं. पण ते हजेरीचं फळ हाय, भाऊ. आम्ही येऊन गेलो, एवढंच सांगतं. धुवायला पाणी पाहिजे, चिरायला सुरी पाहिजे, वर ताटली. वॉर्डात यातलं काय असतं? केळं एका हातानं सोलता येतं. दुसऱ्या हातानं खुशाल पेशंटला धरा."

साहेबांचं ऑपरेशन झालं तेव्हा खिडकीत सात टोपल्या मांडल्या होत्या, देणाऱ्यांच्या हुद्द्याच्या क्रमानं. साहेबांच्या बाई सकाळपासून स्टुलावर होत्या. अण्णांनी केळं पुढं केलं. बाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग दोन केळी खाल्ली. त्या सातांतली एक टोपली पुढच्या आठवड्यात आमच्या टंकलेखकाच्या उशाशी दिसली. रिबीन तीच होती. सफरचंदं वेगळी असावीत. पण आमच्या जिल्ह्यात शीतगृहं भरपूर आहेत, तेव्हा खात्री देत नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळल्यावर मी कचेरीतून थेट निघालो. दवाखान्याच्या दाराशी फळांची हातगाडी होती. तिथून सफरचंदं घेतली. वीस वर्षं ऐकलेलं त्या वेळी आठवलं नाही. वाईटही वाटत नव्हतं. पिशवी जड होती, एवढंच जाणवत होतं.

अण्णांच्या नाकात नळी होती. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. मी पिशवी टेबलावर ठेवली. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांना तोंडानं काहीच द्यायचं नाय, भाऊ," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही जेवलात का?"

"हो हो."

मी खाली गेलो आणि केळी घेऊन आलो. अण्णांनी डावा हात पुढं केला. वहिनी घाबरल्या. "अहो, नका. ठसका लागंल. डॉक्टर रागवतील."

हात तसाच राहिला. मी एक केळं त्यात ठेवलं. अण्णांनी ते छातीवर टेकवलं, अंगठ्यानं देठ मोडला आणि साल ओढली. बराच वेळ लागला. अर्धं केळं चेपलं, थोडं चादरीला लागलं. मग त्यांनी हात स्टुलाकडे नेला.

वहिनींनी ते घेतलं. त्या खात होत्या तोवर अण्णा त्यांच्याकडेच बघत होते. ते संपेपर्यंत माझ्याकडे वळले नाहीत.

चौथ्या दिवशी अण्णा गेले. मी रडलो नाही. का, ते माहीत नाही. कचेरीनं शोकसभा घेतली. फोटोला मोठा हार होता, ध्वनिक्षेपक होता. अण्णांशी आयुष्यात चार वाक्यं न बोललेल्या नव्या साहेबांनी त्यांच्या कार्यनिष्ठेवर बरंच सांगितलं. वहिनींना व्यासपीठावर, मखमली खुर्चीत बसवलं होतं. सकाळी अकराला सुरू झालेली सभा दोन वाजले तरी चालूच होती, आणि अजून तीन वक्ते बाकी होते.

भाषण चालू असतानाच मी उठून व्यासपीठावर गेलो. माझ्या पिशवीत केळी होती.