एकशे चाळीसची पाटी

बडोद्याच्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत मी पाट्या रंगवतो. माझ्यासारख्याला तांबड्या समुद्रावर कोण बोलावणार? पण धाकट्या भावाने, शेखरने, बोलावलं. आखातात पाणबुड्याची नोकरी करता करता त्याला खोलीचं वेड लागलं होतं. टाक्या पाठीला बांधून दीडशे मीटर उतरायचं, आपल्याकडच्या कुणी केला नाही असा विक्रम करायचा, असा त्याचा हट्ट. खोली दाखवणाऱ्या पाट्यांवरचे आकडे मीच रंगवायचे होते. निघताना कारेलीबागेतल्या घरी आईने लीलो चेवडो (हिरवा चिवडा) बांधून दिला आणि बजावलं, "एकटा येऊ नकोस. त्याला घेऊनच ये."

कैरोला कस्टमवाल्याने माझे ब्रश सोडून चिवड्यावरच संशय घेतला. चाखला, पुन्हा चाखला, मग हसून जाऊ दिलं. निम्मा पुडा तिथेच संपला.

समुद्रावर उघडे डोंगर थेट निळ्या पाण्यात उतरले होते. तिथली पद्धत अशी: दोर खाली सोडतात, त्याला दर दहा मीटरला पाटी अडकवतात. जिथवर जाल तिथली पाटी काढून आणायची, तोच पुरावा. मी रंगवायला बसलो. बडोद्यात दुकानाच्या दारावरच्या पाटीला पुढे 'पधारो' (या) आणि मागे 'आवजो' (पुन्हा या) लिहायची माझी वीस वर्षांची सवय. प्रत्येक आकड्यामागे हाताने आपोआप 'आवजो' लिहिलं. चौदा पाट्या झाल्या तेव्हा मोहिमेचा प्रमुख हसन आला आणि तडकला. मागची बाजू कोरी हवी होती. उरलेली दीडशेची पाटी मी मागून कोरी ठेवली.

सकाळी शेखर उतरला. उतरायला काही मिनिटं, वर यायला मात्र कित्येक तास. घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस दगावतो. नावेत बसून मी किती नवस बोललो, देव जाणे. दुपारी हसनच्या एका पाणबुड्याने पाण्यातून डोकं वर काढलं. "हमदुलिल्लाह" (देवाची कृपा), तो म्हणाला, शेखर सुखरूप वर येतोय. त्याचे ओले हात धरून मी रडलो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

शेखर वर आला तो एकशे चाळीसची पाटी घेऊन. विक्रम दहा मीटरने हुकला होता.

"दादा, खाली नशा चढते," तो म्हणाला. "टाकीतल्या हवेचा काटा उतरलेला दिसत होता, पण त्याचं काहीच वाटत नव्हतं. थांबायला दोर धरला तर पाटी हातात उलटली. आवजो. आई दारात उभी राहून म्हणते ना, तसं वाटलं. वळलो."

मग दोर ओढला. सगळ्यात शेवटी दीडशेची पाटी माझ्या हातात आली. मागून कोरी. माझ्या अंगावर काटा आला.

आम्ही दोघं बडोद्याला परतलो. आईने एकशे चाळीसची पाटी देवघराशेजारी टांगली, आकडा भिंतीकडे करून. विक्रम हुकल्याचं शेखरला अजून वाईट वाटतं, मला नाही. दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकांना थांबवून मी आधी दीडशेची पाटी घेतली आणि तिच्यामागे रंगाचे दोन हात देऊन ठसठशीत लिहिलं, आवजो.