घेरी कोणाला सांगावी

अण्णांच्या पायाचा अंगठा राहील की काढावा लागेल, हे त्या गुरुवारी ठरणार होतं. मी नांदेडला बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळची पहिली एसटी धरून लातूरला आले, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, जळकोटजवळच्या आमच्या गावाहून आधीच येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. शुगरमुळे त्यांच्या तळपायांना काही कळेनासं झालं होतं. अंगठ्याखालची जखम दोन महिने भरत नव्हती.

याच दवाखान्याने त्यांना मऊ रबराच्या चपला करून दिल्या होत्या. त्या पिशवीत गुंडाळून काखेत होत्या. पायात नुसती पट्टी.

"अण्णा, चपला घाला की."

"नव्या हायत. अन् डाक्टरम्होरं चपला घालून जावं व्हय?"

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मीही प्राचार्यांच्या दाराबाहेर चप्पल काढून आत गेले होते. शिपाई हसला होता.

शुगरच्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि बजावलं, "या पायावर भार द्यायचा नाही. चालणं बंद." मग चिठ्ठी लिहीत म्हणाले, "रक्त मागच्या इमारतीत द्या. ड्रेसिंग तिथंच खाली. मग वरच्या मजल्यावर सर्जनना दाखवा आणि परत माझ्याकडे या."

"हाव," अण्णा म्हणाले आणि उठून चालू लागले.

मधल्या अंगणातली फरशी तापली होती. मला चटके चपलेतून जाणवत होते. अण्णांना काहीच जाणवत नव्हतं, म्हणून ते घाई न करता चालले होते. रक्ताची रांग लांब होती, म्हणून आधी ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. सिस्टरनी पट्टी सोडली आणि काखेतल्या पिशवीकडे बघितलं.

"अहो मामा, चपला पायात घालायला दिल्या का काखेत मिरवायला?"

"पायातच, बाई. पर आज चार दारं हायत. किती डाव काढायच्या अन् घालायच्या?"

सिस्टर हसल्या. मी म्हणाले, "त्यांना चालू नका सांगितलंय. आणि चार ठिकाणी पाठवलंय."

आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" विचारलं. तेच दुसऱ्यांदा म्हणणं फार अवघड गेलं. आपण तक्रार करतोय असं वाटून कान तापले.

सिस्टरनी भिंतीकडचा बाक ओढला, अण्णांना बसवून पाय वर ठेवायला लावला आणि दोन फोन केले. "मामा, आता हितून हलायचं न्हाई. ज्यांचं तुमच्याकडं काम हाय ते येतील."

आधी रक्त घेणाऱ्या ताई आल्या. बऱ्याच वेळाने कुरकुरत सर्जन आले आणि पाठोपाठ शुगरचे डॉक्टर. अण्णा उठायला लागले तर सिस्टरनी खांदा दाबून बसवलं. एका पायावर दोघे वाकले.

"काढावा लागेलसं दिसतंय," सर्जन म्हणाले.

"शुगर उतरतच नाहीये. गोळ्या दोन्ही वेळा घेता ना, बाबा?" शुगरच्या डॉक्टरांनी विचारलं.

दर वेळी अण्णा याला हाव म्हणत. आज त्यांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं.

"दोघं संगट आलात म्हणून सांगतो, साहेब. एकच घेऊन राहिलो. दोन घेतल्या की रानात घेरी येती. तुम्ही गोळीचे, हे जखमेचे. घेरी कोणाला सांगावी ते कळंना."

खोलीत कुणी हसलं नाही. शुगरचे डॉक्टर बाकाच्या कडेला टेकले. जेवता कधी, उन्हात किती वेळ असता, असं एकेक विचारत त्यांनी गोळी बदलली. सर्जननी अण्णांच्या कागदांतला एक्स-रे उजेडात धरला. "हाड अजून चांगलं आहे. शुगर उतरली तर जखम भरेल. पंधरा दिवस थांबू."

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा त्या खोलीत एकाचे तीन बाक झाले होते आणि तिन्हींवर पाय वर करून माणसं बसली होती. जखमेच्या कडा गुलाबी दिसत होत्या. सर्जननी अंगठ्याला हलकेच बोट लावलं. "राहू द्या याला."

अण्णा बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालेज बुडलं न्हवं तुजं?"

"हाव," मी म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकावर सरकून मला जागा केली.