आधी वॉर्ड, मग चॅनेल

आमच्या लालबागच्या स्टुडिओत किस्से इतके साठलेत, की चहाच्या वेळी कोणी कुठला सांगायचा यावरून भांडणं होतात. आम्ही सहा जण पोरांसाठी कार्टून बनवतो. मी एडिटर. निर्मात्या सुलभाताई. दर शनिवारी त्या परळच्या एका हॉस्पिटलात, कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात, लॅपटॉप घेऊन जातात आणि जेवढं तयार असेल तेवढं दाखवतात. नियम एकच, आधी वॉर्ड पास करणार, मग चॅनेल!

*

एकदा पाच वर्षांचा एक पठ्ठ्या अर्ध्यातच भिंतीकडे तोंड करून झोपला. ताईंनी परत येऊन मला चार मिनिटं कापायला लावली.

"अहो, चॅनेलला आवडलंय!" मी म्हटलं.

"त्यांना झोप कशी येईल? ते बघतातच कुठे!"

*

एका कावळिणीचा आवाज द्यायला ठरलेली बाई आलीच नाही. ताईंच्या आई डबा घेऊन आल्या होत्या. त्या मला मालवणीत झापत असताना ताईंनी गुपचूप रेकॉर्डिंग चालू केलं. वॉर्डात ती कावळीण सुपरहिट! चॅनेलने मात्र 'मेल्या' शब्द काढायला सांगितला.

आई भडकल्या. "माका काढूक सांगतत? मगे माझे खाल्लेले वडे आधी परत करा!"

वडे आम्ही खाल्ले होते, चॅनेलने नाही. पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

*

काळाचौकीच्या एका मंडळाची पोरं वर्गणीला आली. ताईंनी त्यांना चहा पाजला, रक्तगट विचारले आणि चौघांना प्लेटलेट्स द्यायला थेट हॉस्पिटलात नेलं. प्रत्येकी दीड तास खुर्चीत!

जाताना अध्यक्ष हात जोडून म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी वर्गणी फोनवर मागतो."

तरी चौघेही अजून जातात, न बोलावता. मला त्या पोरांचं फार कौतुक वाटतं.

*

मग पिंगीची मालिका आली. होडी चालवणारी आठ वर्षांची मुलगी. वॉर्डातल्या मुलांना आपली वाटावी म्हणून ताईंनी तिला मुद्दाम टक्कल दिलं. आम्ही सगळे आपल्याच चांगुलपणावर खूश!

वॉर्डात साताऱ्याकडची रेश्मा होती, नऊ वर्षांची. तिने पहिला भाग पाहिला आणि विचारलं, "हिचं केस कधी येनार?"

"ती अशीच आहे गं," ताई म्हणाल्या.

"का? माझं तर येनार हायत. डाक्टर म्हनलेत."

ताई परत आल्या आणि म्हणाल्या, "पिंगीचे केस उगवायला घ्या."

आमचा डिझायनर नीलेश रडायचाच बाकी होता. एकदा काढलेली पिंगी मालिकाभर वापरायची सोडून आता प्रत्येक भागाला नवी! चॅनेलच्या मॅडमचा फोन आला, "केस प्रत्येक भागात वेगळे दिसतायत."

"वेगळे नाहीत, वाढतायत," ताई म्हणाल्या.

पाचव्या भागानंतर रेश्मा गावी गेली. महिन्याला एक भाग व्हायचा, तो ताई तिच्या वडिलांच्या मोबाईलवर पाठवायच्या. आधी लगेच उत्तर यायचं. मग यायचं बंद झालं. आठ, नऊ, दहा, तिन्ही भागांना काहीच नाही. फोन लावायचा ताईंना धीर होईना, आणि आम्हालाही. अकराव्या भागाचं काम त्यांनी थांबवायला सांगितलं.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी फोन वाजला. नाव बघून ताईंनी तो स्पीकरवर टाकला. एकट्याने ऐकायची तयारी नव्हती त्यांची.

"ताई, पप्पांचा मोबाईल हिरीत पडला हुता! आज नवा आनला, सगळं भाग बघितलं. तुमच्या पिंगीला झालंय तरी काय? माझी येनी आली, अन् तिला अजून क्लिपबी बसंना!"

फोन ठेवल्यावर ताई नीलेशला म्हणाल्या, "वेणी घाल."

"एक की दोन?" नीलेशने विचारलं.

ताईंनी परत फोन लावला.