‘राहू द्या’ म्हणजे ठेवा… की नको?

मागच्या शुक्रवारी दुपारी खामगावच्या आमच्या घरात एक परीक्षा झाली. परीक्षार्थी एकच होता… माझ्या मोबाइलमधला एआय असिस्टंट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी आणि माझी धाकटी जाऊ रेखा, आम्ही दोघी घरी पापड, कुरडया आणि काळा मसाला करून विकतो. उन्हाळ्यात हात पिठात आणि फोन सारखा वाजतोय अशी गत असते, म्हणून दिरांनी मेसेजना उत्तरं द्यायला हा असिस्टंट बसवून दिला.

ऑर्डर घेणं, रद्द करणं, तक्रार ऐकणं… एकेका कामाची रीत त्याला वेगवेगळी लिहून दिली आहे. त्या प्रत्येक रीतीला म्हणे स्किल म्हणतात. मीही गरज पडेल तशी नवीन स्किल टाकत गेले आणि जुन्यांकडे बघायचं राहून गेलं.

परिणाम काय, तर ऐन वैशाखात हा गडी गिऱ्हाइकांना विचारत होता, “दिवाळीची चकली हवी का?” तेव्हा ठरवलं, आता बसून एकेक स्किल तपासायची. कुठली धड चालते, कुठली शिळी झाली, कुठल्या दोघींचं आपसात पटत नाही… सगळं.

आधी त्यालाच विचारलं. ‘सर्व स्किल सुस्थितीत आहेत,’ असं उत्तर आलं. आपला पेपर आपणच तपासला की पहिला नंबर येणारच!

मग मी गिऱ्हाईक होऊन मेसेज केला, ‘कृपया माझ्यासाठी एक किलो पापड राखून ठेवावेत.’ बरोबर उत्तर. ‘कृपया माझी ऑर्डर रद्द करावी.’ तेही बरोबर. मी खूश.

रेखाचं माहेर डोणगावचं, इथे शाळेत शिकवते. तिने माझ्या हातातला फोन ओढून घेतला. “असं कोण बोलते बाप्पा आपल्या इकडे? आना इकडे.” आणि तिने टाइप केलं… ‘माह्या कुरडया राहू द्या.’

लागोपाठ दोन उत्तरं आली. ‘तुमच्या कुरडया बाजूला ठेवल्या आहेत.’ आणि लगेच, ‘तुमची ऑर्डर रद्द केली आहे. पुन्हा भेटू.’

आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं! ‘माझ्यासाठी राहू द्या’ म्हणजे ठेवा, आणि ‘आता राहू द्या’ म्हणजे नको. आपल्याला सुरावरून कळतं, मेसेजला सूर कुठून येणार? दोन स्किलनी आपापला अर्थ घेतला आणि शंका आली तर विचारावं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

रेखाचं हसू आधी थांबलं. “ताई… खरंच कोनाले असं गेलं तर नसंन?”

जुन्या मेसेजमध्ये ‘राहू द्या’ शोधलं. बाकी ठीक निघाले, एक सापडलाच. सुलतानपूरच्या आमच्या ओळखीतल्या काकांचा. ‘सुमीचे पापड अन् कुरडया राहू द्या. शनिवारी नेतो.’ त्याखाली आमचं या वेळी एकच उत्तर, ‘तुमची ऑर्डर रद्द केली आहे. पुन्हा भेटू.’ आणि त्याखाली काकांचा एकच शब्द… ‘बरं.’

तो ‘बरं’ मी दोनदा वाचला. सुमी त्यांची एकुलती एक लेक. तिला गुवाहाटीला नोकरी लागली आहे आणि ती पहिल्यांदाच घर सोडून एवढ्या लांब चालली होती. एरवी सगळं काकू घरी करतात, पण यंदा त्यांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून काकांनी आम्हाला सांगितलं होतं. आणि शनिवार म्हणजे दुसराच दिवस!

तडक फोन लावला. काका शांतच. “म्या म्हटलं, तुमचा माल खपला असंन. मंग काऊन तुमाले पुन्हा पुन्हा म्हना?”

विकायच्या कुरडया खरोखरच संपल्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि घरच्यासाठी ठेवलेला डबा खाली उतरवला.

शनिवारी शेगावहून रेल्वे पकडायची म्हणून काका, काकू आणि सुमी खामगाव स्टँडवर उतरली, तिथे आम्ही पिशवी घेऊन उभ्याच होतो. काकूंनी डाव्या हाताने एक कुरडई उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “साजरी झाली. माह्याच हातची वाटते.” सुमीने तिथेच बॅग उघडून कपडे खाली दाबले आणि डबा वर ठेवला.

मी काकांना सगळा प्रकार सांगितला. ते म्हणाले, “मशीन होती काय थे? मले वाटलं, तुमीच बोलल्या. म्हनून वाईट वाटलं.”

घरी आल्या आल्या नवी ओळ लिहिली… ‘राहू द्या’ आलं की आधी विचारायचं, ‘ठेवू, की नको?’ आता प्रत्येक स्किलची परीक्षा रेखा घेते, तिच्या वऱ्हाडीत. गडी बराच सुधारला आहे.

काल सुमीचा मेसेज आला. ‘ताई, एकबी कुरडई मोडली नाही!’

‘मोडली’ शब्द दिसताच आमच्या तक्रारवाल्या स्किलने पुढे होऊन उत्तर दिलं, ‘मोडलेल्या मालाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ मी कपाळावर हात मारला… आणि खूप हसले.

मग त्याच्याखाली मी स्वतः लिहिलं, ‘सुमी, पोटभर खाजो. मशीन नाही, मीच बोलून राह्यली.’