आईने माझ्या वतीने घेतलेली शाल

परदेशात, टिलबर्गला मास्टर्स करत होते तेव्हाची गोष्ट. सांगायला अजूनही जिवावर येतं.

विद्यापीठाने माझी निम्मी फी माफ केली होती. नियम सरळ होता. बाहेरून दुसरी स्कॉलरशिप मिळाली तर कळवायचं. तेवढी माफी कमी होणार आणि सुटलेली रक्कम प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाणार. यादीत पहिलं नाव माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीचं होतं. संगमनेरची. आमचं स्वयंपाकघर एकच, कुकरही एकच, तोही तिचा. पहिल्याच आठवड्यात आईने माझ्याकडून तिचा नंबर मागून घेतला होता, 'तुझा फोन लागला नाही तर असू दे हाताशी' म्हणून.

सप्टेंबरात पुण्याच्या आमच्या ज्ञातीच्या संस्थेने मला शिष्यवृत्ती जाहीर केली. सत्काराला मी कुठून जाणार? आई गेली. मंचावर उभं राहून माझ्या वतीने नारळ घेतला, शाल घेतली, पाकीट घेतलं. पाकिटातला चेक चांगला घसघशीत होता.

ऑक्टोबरात विद्यापीठाचा फॉर्म आला. इतर कुठून शिष्यवृत्ती मिळते का? मी 'नाही'वर खूण केली. स्वतःची समजूत घालायला मी पहिल्यापासून हुशार. शाल-नारळ देऊन करतात त्याला काय स्कॉलरशिप म्हणायचं, ते आपल्या माणसांनी केलेलं कौतुक! आणि संस्थेचं मराठी पत्र इथे वाचणार तरी कोण होतं? खरं एवढंच, की मला दोन्ही हवं होतं.

ती मात्र रोज मेल बघायची. एकदा मी तिच्यावर चिडलेसुद्धा. म्हटलं, "नुसती वाट काय बघत बसतेस? जा, त्या ऑफिसमधल्या बाईंसमोर जाऊन बस. इथे बोलल्याशिवाय कुणी काही देत नाही." माझ्या तोंडाला हे शोभत होतं का? पण म्हटलं खरं.

ती बिचारी गेली. परत आली आणि सायकलची किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "कुणाची माफी कमी झाली तरच माझा नंबर लागेल म्हणे." मी तिच्या भातावर वरण वाढलं. वर तूपही घातलं, नेहमीपेक्षा जास्त.

जानेवारीत तिने सांगितलं, पुढच्या सत्राची फी घरून जमत नाही, परत जाते. तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक मेल पुरला असता. मी तो लिहिलाही, दोनदा. पण खोटं लिहिलं म्हणून माझी सगळीच माफी काढून घेतील, या भीतीने पाठवला नाही. घरी काय तोंड दाखवू, हेच डोक्यात. तिला घरी काय तोंड दाखवावं लागेल, हे मनातसुद्धा आलं नाही. त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

निघायच्या दिवशी तिची बॅग मी स्टेशनपर्यंत ओढत नेली. कुकर तिने माझ्याकडेच ठेवला होता. "बॅगेत मावत नाही, आणि तुला लागेलच," म्हणाली. गाडीला पाच मिनिटं होती. मी उगाच हवेबद्दल बोलत होते.

"काकूंना सांग," ती मधेच म्हणाली, "शाल फार छान दिसत होती त्यांच्यावर."

"कुठली शाल?"

"सत्काराची. त्यांनी त्याच दिवशी फोटो पाठवला होता मला. संस्थेची स्कॉलरशिप मिळाली म्हणून खाली लिहिलंही होतं. खूप खूश होत्या गं."

म्हणजे सप्टेंबरपासून. मी तिला त्या ऑफिसात पाठवलं तेव्हाही तिला माहीत होतं. त्या बाईंसमोर बसून ती माझं नाव घेऊ शकली असती.

गाडी आली. तिने मला मिठी मारली, बॅग आत घेतली.

"सांगते हं आईला," मी म्हणाले.

आता त्याच देशात, स्लोटरडाइकला नोकरी करते. कुकर अजून तोच आहे. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.