दारातली फळी

लेकीकडे परदेशात गेले होते. तिथे पहिल्या वसाहतकऱ्यांची लाकडी घरं एका माळावर जपून ठेवली आहेत. प्रत्येक दाराला उंच पायऱ्या, त्यामुळे माझी चाकाची खुर्ची बाहेरच. "आई, फोटो काढून आणते," म्हणत लेक आत जायची. फोटोच बघायचे, तर इथवर आले कशाला?

शेवटच्या घराच्या खिडकीतून डोकावले, तर आत दोरीमागे एक जुनी चाकाची खुर्ची! लेक माहिती विचारून आली.

"इथल्या आजोबांची आहे गं. त्यांच्यासाठी मुलांनी दाराला उतरती फळी लावली होती."

"मग ती कुठे गेली?"

"संग्रहालयवाल्यांनी काढली. घर मुळात होतं तसं दिसावं म्हणून."

या आजोबा, बसा माझ्याशेजारी. तुमच्या खुर्चीला तेवढं आत घेतलंय.